तुम्ही अजून खून का केला नाहीत?

आमच्या घरमालकांनी घर भाड्याने देताना आम्हाला पगार विचारला नाही, मांसाहार विचारला नाही. जयपूरमध्ये हे दोन प्रश्न न विचारणारा घरमालक मी त्यानंतर दुसरा पाहिला नाही. त्यांनी आम्हा दोघांना वेताच्या मोढ्यांवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, चष्मा पुसला आणि ह्यांच्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "साहब, आपने अब तक किसी का ख़ून क्यों नहीं किया?"

मी पाण्याचा पेला तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला. आमचे हे विम्यातले. आयुष्यभर लोकांच्या मरणाचे अर्ज वाचून घट्ट झालेला माणूस. ते म्हणाले, "मौक़ा नहीं मिला. हर तीन साल में ट्रान्सफर हो जाता था."

घरमालक खूश झाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच, हा माझा जन्माचा रोग. मी सुरू झाले. आम्ही सांगलीचे, वडील शाळामास्तर, घरात संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोति, कुणाला अरे म्हटलं तरी आई रागवायची, असे संस्कार, असं रक्त, ख़ून तो दूर की बात है भाईसाहब, हमारे घर में झुरळ भी कागद पे उठाके बाहेर छोड़ते हैं. माझं तेव्हाचं हिंदी असंच होतं, आता थोडं सुधारलंय. दहा मिनिटं मी बोलले. त्यांनी सगळं ऐकलं आणि ह्यांना म्हणाले, "मकान आपका हुआ. भाभीजी को मैं बाद में आराम से समझूँगा."

प्रताप नगरमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. घरमालक खाली, एकटे. बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी. आता तेही नाहीत. पण अजून कुणी मला "तुम्ही किती शांत हो" असं म्हणालं, की माझ्या कानात त्यांचा पुढचा प्रश्न वाजतोच: "शांत हो, या किसी ने छेड़ा नहीं?"

ते जेल खात्यातून निवृत्त झालेले. पोलिसगिरी नाही, बंदूक नाही. कैद्यांच्या मनाचा अभ्यास करायचा आणि त्यावर शेरा लिहायचा, ही त्यांची नोकरी. हा माणूस मुळातला कसा, सुधारेल का, बाहेर सोडावा का. त्यासाठी ते प्रत्येकाची वंशावळ काढायचे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. दारूडा असेल तर तिरप्या रेघा, लहानपणी डोक्याला मार लागला असेल तर ठिपका, कुणी जेलमध्ये गेलेला असेल तर चौकोन पूर्ण काळा. आज्यापासून नातवापर्यंत सगळं. आणि तुरुंगातल्या त्या कागदांवर काळे चौकोन, रेघा, ठिपके इतके, की एखाद्या बाईने घाईघाईने काढलेली रांगोळी वाटावी.

नोकरी सुटली पण सवयी सुटल्या नाहीत. रोज संध्याकाळी ते काठी घेऊन घराभोवती फिरत आणि प्रत्येक खिडकीच्या गजांवर काठी वाजवून बघत. टण, टण, टण. तुरुंगात गज कुणी कापलेत का ते असं आवाजावरून ओळखतात म्हणे. पहिल्या संध्याकाळी मी चोर आला म्हणून लाटणं घेऊन गॅलरीत उभी होते. आमच्या घरी गणपतीला आरतीसाठी येत, तेव्हा हात जोडायच्या आधी माणसं मोजत. "सत्ताईस. पिछले साल उनतीस थे. दो कहाँ गए?" एकदा खरंच त्या दोघांची चौकशी करून आले, तेव्हा जीव खाली पडला त्यांचा. एक बदली होऊन गेला होता आणि एकाला कावीळ.

खुनाच्या प्रश्नाची गोष्ट त्यांनीच एकदा मला सांगितली. निवृत्त झाल्यावर दुपारी वेळ जाईना. टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडलेली. तिच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी सहज स्वतःच्या मेव्हण्याची वंशावळ काढली. मेव्हणा झोटवाड्यातला मोठा कारखानदार, देवळाचा विश्वस्त. काढून झाली आणि बघतात तर काय, तीच रांगोळी! बाप दारूडा, चुलता मारकुटा, लहानपणी गच्चीवरून पडून डोकं फुटलेलं, आईला राग आला की तवा फेकायची. "हुबहू मेरे बैरक नंबर चार वाला," घरमालक म्हणाले. "तीस साल मैंने आधा सवाल पूछा, भाभीजी. अंदर वालों से पूछा कि क्यों किया. बाहर वालों से कभी पूछा ही नहीं कि क्यों नहीं किया."

मग उरलेलं आयुष्य त्यांनी तो राहिलेला अर्धा प्रश्न विचारण्यात घालवलं. भाजीवाल्याला, डॉक्टरांना, बँकेतल्या मॅनेजरला. लग्नाच्या पत्रिका जमवायचे आणि त्यांच्या पाठीवर वंशावळी काढायचे. म्हणायचे, नवी पिढी इथूनच सुरू होते, कागद योग्यच आहे. त्यांना लग्नाला बोलवायला लोक कचरत, कारण ते जेवणाच्या रांगेत वराच्या मामाला गाठून विचारायचे, "आपके यहाँ ग़ुस्सा किस तरफ़ से आता है?"

तुरुंगात एकदा जुळ्यांतला एक भाऊ आला होता, हाणामारीत. निवृत्तीनंतर घरमालक मुद्दाम दुसऱ्या भावाच्या गावी गेले. तो शाळेत मास्तर. भर वर्गात घरमालकांनी विचारलं, "मास्टरजी, आपने क्यों नहीं किया?" मास्तरांनी डस्टर फेकून मारला. कपाळावर खूण राहिली होती, ती बोट ठेवून दाखवायचे आणि म्हणायचे, "चीज़ तो थी उसमें. हाथ में उस वक़्त चॉक-डस्टर था, बस."

आता माझं सांगते. माझी वंशावळही त्यांनी काढली, आमच्याच मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर. मी भराभर सांगत गेले. आजोबा चौकोन, आजी गोल, सगळे कोरे, स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखे. वडिलांच्या धाकट्या भावापाशी आले आणि ते म्हणाले, "ये?" मी म्हटलं, "वो काका तीर्थयात्रा में गुजर गए."

काका तीर्थयात्रेत गेले नव्हते. काकांनी बांधाच्या भांडणात एकाचं डोकं फोडलं होतं आणि ते दोन वर्षं आत होते. आमच्या घरात हे कुणी बोलत नसे. ते सुटून आले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मी आईच्या मागे लपले. मग ते घर सोडून गेले ते गेलेच. तर घरमालकांनी एक कोरा चौकोन काढला, आत शंकेची एक बारीक फुली मारली आणि सुस्कारा टाकला. "पता है भाभीजी, जेल में सब सच बताते थे. बाहर आकर देखा, हर ख़ानदान में एक आदमी तीर्थ में मरा है. मेरी सारी रिसर्च तीर्थ में डूब गई."

मला काही लाज वाटली नाही. उलट मी त्यांच्या शास्त्राची मोठी जाणकार झाले. मी जुनी मॅट्रिक, पण वाचायची हौस दांडगी, त्यात मुलीने स्मार्टफोन दिला. आता काय विचारता! मेंदूचा पुढचा भाग, रागाचं गुणसूत्र, आईच्या पोटातलं वातावरण, सगळं मला कळायला लागलं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की मी त्यांना त्यांच्या सासरच्या माणसांचे मेंदू समजावून सांगत असे. नातू चिडून पाय आपटायला लागला की मी जावयाच्या घराण्याकडे बोट दाखवायची. जावई बिचारा आयटीतला, कंपनीत कुणी ओरडलं तर सॉरी म्हणणारा. ह्यांनी एकदा पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "आणि तुझा तो काका?" मी म्हटलं, "आधी चहा घ्या."

गंमत म्हणजे घरमालक स्वतः एवढं ठामपणे कधीच बोलत नसत. रक्तात असतं का, म्हटलं तर म्हणायचे, "एक ही पेट से दो भाई. एक मेरे रजिस्टर में, दूसरा वो चपरासी जो मुझे रजिस्टर ला के देता था. अब बताओ." मी सांगायची. मला सगळं माहीत होतं ना!

आमच्या भागापासून थोड्या अंतरावर खुलं जेल आहे. बाहेरच्यांना हे नवल वाटतं. तिथे भिंती नाहीत. वर्षानुवर्षं बंद तुरुंगात नीट वागलेले कैदी तिथे बायकामुलांसह छोट्या घरांत राहतात, दिवसा शहरात कामाला जातात, कमावतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. हजेरी चुकली की मात्र अवघड. पुन्हा बंद तुरुंगात पाठवू शकतात, आणि मग बायकोमुलांनी घर खाली करायचं.

तिथला रामस्वरूप नावाचा माणूस घरमालकांकडे कूलर दुरुस्त करायला, टाक्या धुवायला यायचा. पन्नाशीचा, काळासावळा, हातात लोखंडी कडं. शेताच्या पाण्यावरून भांडण होऊन त्याने फावड्याने चुलतभावाला मारलं होतं. चुलतभाऊ गेला. हे त्याने स्वतः पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, कारण घरमालकांचा तसा नियम होता: ज्याच्या घरात काम करायचं त्याला आधी सांगायचं, नंतर कळलं तर लोकांना जास्त भीती वाटते. मी तेव्हा अगदी मोठ्या मनाने म्हटलं होतं, "हम ऐसा कुछ मानते नहीं, रामस्वरूपजी." आणि त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवला होता. म्हणजे फुटका नव्हे हो, चांगलाच, पण वेगळा.

तीन वर्षं तो येत होता. कधी मान वर करून बोलला नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. हे एका बारशासाठी पुण्याला गेलेले. रामस्वरूप दुपारी गच्चीवरची टाकी धुवायला आला. मी सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत होते. माझ्या भाच्याने एक लेख पाठवला होता: हिंसक माणूस ओळखण्याच्या सात खुणा. मी वाचू लागले. एक, डोळ्याला डोळा देत नाही. बरोबर. दोन, कमी बोलतो. बरोबर. तीन, भराभरा जेवतो. अगबाई! मी त्याला दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती, मी लोणच्याची बरणी उघडेपर्यंत पोळ्या संपल्यासुद्धा होत्या. चार, एकटा राहतो. हे नव्हतं, पण त्या क्षणी गच्चीवर तो एकटाच होता, म्हणून मी धरलं. सातातल्या पाच खुणा जुळल्या. नंतर मोजलं तेव्हा ह्यांच्याही चार जुळतात, पण ते तेव्हा सुचलं नाही.

आता बघा, तीन वर्षं ओळखीचा माणूस. पण मी घरात एकटी, तालमीला जायची वेळ झालेली. मंडळात मुलांचं नाटुकलं मी बसवत होते, मुलं पाच वाजता जमणार. गच्चीच्या जिन्याचा दरवाजा आमच्या स्वयंपाकघराशेजारी उघडतो. मी विचार केला, आपण बाहेर पडलो आणि हा खाली आला तर? मग स्टूल घेतलं, दरवाजाची वरची कुंडी लावली आणि स्वतःशी म्हटलं, दहा मिनिटांत कपडे बदलते, काढते. मग रिक्षावाला आला, मग मुकुट विसरला म्हणून परत आत गेले, मग रिक्षावाला ओरडायला लागला, आणि मी गेले.

तालीम छान झाली. घरी येताना मी आरती गुणगुणत होते. दिवे लागले होते. घरमालक आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. काठी मांडीवर.

"भाभीजी, छत की कुंडी आपने लगाई, या लग गई?"

खरं सांगून टाकावं, हे कळत होतं. पण तोंड, ते कुठे माझं ऐकतं? "लग गई होगी. हवा से."

त्यांनी काठीने वर जिन्याकडे दाखवलं. मग म्हणाले, "ऊपर वाली कुंडी है. आपका हाथ नहीं पहुँचता. स्टूल अब भी वहीं खड़ा है."

ते सात वाजता फिरून आले तेव्हा फाटकाशी रामस्वरूपची सायकल दिसली. त्यांना शंका आली, वर गेले, आमचं दार स्वतःकडच्या किल्लीने उघडलं आणि स्टूलावर चढून कुंडी काढली. या वयात. रामस्वरूप टाकीजवळ उकिडवा बसला होता. फोन सायकलच्या पिशवीत. शेजारची गच्ची हातभर अंतरावर, तिथून उतरून जाता आलं असतं. घरमालकांनी विचारलं, तसा तो म्हणाला, "साब, दूसरे की छत पर मैं कैसे जाता?" ओरडला का नाहीस? "चिल्लाता तो लोग आते. लोग पूछते कौन है, ऊपर क्या कर रहा है." घरमालकांनी त्याला स्कूटरवर घालून जेलवर नेलं, पण हजेरी होऊन तास उलटला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी सकाळी कागदपत्रं घेऊन या म्हणून सांगितलं होतं. फैसला सकाळी.

"चलेंगी?" त्यांनी विचारलं.

"चलूँगी," मी म्हटलं. रात्रभर मी मनात ओळी जुळवत होते, आणि खोटं सांगत नाही, त्यातल्या एकाही ओळीत स्टूल नव्हतं.

सकाळी ई-रिक्षाने गेलो. मी लग्नाची साडी नेसले होते. का, ते मला विचारू नका. बहुतेक मी किती सभ्य घरातली आहे हे कुणाला तरी दिसावं म्हणून. घरमालकांनी वाटेत मला ना समजावलं ना दटावलं. त्यांनी दटावलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

ऑफिसात एक तरुण अधिकारी. त्याने कागद-पेन दिलं. "माताजी, जो हुआ, लिख दीजिए." मी लिहायला बसले. सुबक अक्षरात लिहिलं की काल संध्याकाळी वारा फार होता, दरवाजा जुना, कुंडी आपोआप लागली असावी. त्याने वाचलं. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "तो फिर ये सात बजे तक चुप क्यों बैठा रहा? अपने आप लगी थी तो आवाज़ दे देता. मुझे ऊपर जवाब देना है, माताजी. ऐसे तो लगेगा कि ये कहीं और गया था और बाद में कहानी बनाई."

मी घरमालकांकडे बघितलं. त्यांना स्टूल माहीत होतं. ते भिंतीकडे बघत बसले. माझं बिंग त्यांनी फोडलं नाही. आता वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला दुसऱ्यांदा तोच कुंडीचा प्रश्न विचारला होता, फक्त तोंडाने नाही.

खिडकीतून बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं. झाडाखाली रामस्वरूप उभा, हात मागे बांधून, जसे कैदी उभे राहायला शिकलेले असतात. शेजारी त्याची बायको डोक्यावरून पदर घेऊन, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात. बायकोच्या पायाशी अंथरुणाची वळकटी होती. बांधून तयार. वर एक कुकर ठेवलेला. फैसला व्हायच्या आधीच तिने घर आवरायला घेतलं होतं. असल्या फैसल्याची वाट बघत बसायची त्यांना सवय नसावी, किंवा फारच सवय असावी.

मी तो कागद फाडला. दुसरा मागितला.

मग जे लिहीत सुटले! मी कुंडी स्वतः लावली. स्टूलावर चढून लावली. मला भीती वाटली. त्याने मला भीती वाटावी असं काही केलं नव्हतं. त्याने टाकी धुतली, पोळी खाल्ली, माँजी म्हटलं. मी एक लेख वाचला होता. आणि माझे काका दोन वर्षं तुरुंगात होते, ते परत आले तेव्हाही मी अशीच लपले होते, आणि ते पुन्हा कधी आले नाहीत. तीन पानं झाली. अधिकाऱ्याने वाचली, दुसऱ्या पानावर थबकला आणि म्हणाला, "माताजी, काका की ज़रूरत नहीं है."

"रहने दीजिए," घरमालक म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "तीर्थ वाले?"

"हो," मी मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं.

मग अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे कागद सरकवला. जुन्या खात्यातले म्हणून मोठा मान होता त्यांना. "सर, आप भी दो लाइन में अपनी राय दे दीजिए. आदमी का स्वभाव कैसा है, ख़तरा तो नहीं. आपकी राय का वज़न रहेगा."

इथे मी जे पाहिलं ते विसरणार नाही. घरमालकांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते म्हणाले, "राय मैं नहीं लिखूँगा. राय मैंने बहुत लिखी है, बेटा. एक शब्द लिखता था, 'स्वभावतः'. स्वभावतः हिंसक. उस एक शब्द पर लोग कितने साल अंदर बैठे रहे, मैंने गिना नहीं. सिपाही गिने, कंबल गिने, वो नहीं गिना." मग त्यांनी पेन उघडलं आणि तीन ओळी लिहिल्या. मी डोकावून वाचल्या. "सात वाजून दहा मिनिटांनी बाहेरून लावलेली कुंडी मी काढली. रामस्वरूप टाकीजवळ बसलेला होता. टाकी स्वच्छ होती."

खाली सही. बस.

अधिकाऱ्याने दोन्ही कागद जोडले, फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलला, आणि मग खिडकीतूनच हाक मारली, "जा भाई, काम पे जा. आगे से कहीं फँसो तो चिल्लाना."

मला वाटलं, आता आपली सुटका झाली, घरी जाऊन झोपावं. पण रामस्वरूप हात जोडून पुढे आला. "माँजी, चाय पीकर जाना." माझी मान वर होईना. घरमालक म्हणाले, "पीनी पड़ेगी."

दोन खोल्यांचं घर. बायकोने वळकटी सोडली, त्यातून सतरंजी काढून आम्हाला अंथरली, कुकर पुन्हा ओट्यावर ठेवला. तिने मला पुसून पुसून चकचकीत केलेला पेला दिला, त्यांच्यातला सगळ्यात चांगला असावा, आणि माझ्यापासून चांगलं चार हात दूर जाऊन बसली. माझ्यावरून नजर हलवत नव्हती. मी चहाचा घोट घेतला की ती माझ्या हातांकडे बघे. बरोबरच होतं तिचं.

मुलगी मात्र समोर येऊन उभी राहिली. दोन वेण्या, एक सुटलेली. "आपने ही पापा को बंद किया था?"

"गुड्डी!" रामस्वरूप ओरडला.

"हाँ बेटा, मैंने," मी म्हटलं.

"क्यों?"

आयुष्यभर ज्याला त्याला सगळं समजावून सांगणारी मी. मेंदूचा पुढचा भाग मला पाठ. घरमालक माझ्याकडे बघत होते, त्यांच्या खिशात पेन होतं पण त्यांनी हात लावला नाही.

"डर लग गया था," मी म्हटलं.

"किससे?"

"तेरे पापा से."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं, आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की खाली बसली. "पापा से?" तिला बोलता येईना. "मम्मी, पापा से!" आईने पदर तोंडाशी धरला, पण खांदे हलायला लागले. रामस्वरूप लाजून कोपऱ्यातल्या कूलरच्या मोटारीकडे बघत राहिला.

"पापा तो छिपकली से डरते हैं," गुड्डी मला सांगू लागली, अगदी मैत्रिणीला सांगावं तशी, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. "दीवार पर छिपकली आए ना, तो मम्मी को बुलाते हैं. ख़ुद खाट पर चढ़ जाते हैं."

"मैं भी चढ़ती हूँ," मी म्हटलं. आणि हे खरं आहे, मी चढते.